काट्यांचा मुकुट व सोन्याचा मुकुट : यरुशलेमचा पहिला क्रूसधारी राजा

पांढुर्णा व सौसर या पट्ट्यात घरची भाषा मराठी, तर कचेरीची व बऱ्याच शाळांची भाषा हिंदी, अशी परिस्थिती १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले, तरी ही द्विभाषिकता कायम आहे. येथील ख्रिस्ती विद्यार्थी इतिहासाच्या पुस्तकात मध्ययुगीन युरोपाचा पाठ वाचतो, तेव्हा दोन्ही भाषांत त्याला एकच शब्द भेटतो : धर्मयुद्ध. वर्गातील मित्र त्याला विचारतात, ‘तुमच्या लोकांनी धर्मासाठी एवढी माणसे का मारली?’ आणि पाळकांकडे हा प्रश्न आला की बहुधा दोनच उत्तरे दिली जातात. एक, ते लोक आपले नव्हेत; दुसरे, तो काळच तसा होता. दोन्ही उत्तरांनी प्रश्न टळतो, सुटत नाही. म्हणून त्या इतिहासातील एका माणसाचे चरित्र थोडे जवळून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. हा माणूस बाल्डविन, क्रूस घेऊन निघालेला व राजा होऊन मेलेला.

प्रथम शब्दाविषयी. ‘धर्मयुद्ध’ या शब्दाला आपल्या देशात जुना व वेगळा अर्थ आहे. नियमांनी बांधलेले युद्ध, ज्यात शस्त्र टाकलेल्यावर वार करू नये, पळणाऱ्याचा पाठलाग करू नये, असा तो अर्थ होय. पहिल्या मोहिमेतील लोक स्वतःच्या कृत्याला असे काही म्हणत नसत. ते त्याला ‘प्रवास’ किंवा ‘यात्रा’ म्हणत. अंगावर कापडाचा क्रूस शिवून घेतलेले यात्रेकरू अशी त्यांची स्वतःविषयीची कल्पना होती. म्हणून येथे ‘क्रूसधारी’ हाच शब्द वापरला आहे.

२७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेर्मो येथे पोप अर्बन दुसरे यांनी पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांच्या साहाय्यार्थ व यरुशलेमच्या मुक्ततेसाठी शस्त्र धरण्याचे आवाहन केले. आपला क्रूस उचलून माझ्यामागे यावे, असे प्रभूने शिष्यांस सांगितले होते (मत्तय १६). ती आज्ञा आता शिंप्याच्या हातची वस्तू झाली. क्रूस उचलणे म्हणजे स्वतःस नाकारणे, हा अर्थ अगदीच लोपला असे मात्र म्हणता येणार नाही. पुष्कळांनी खरोखर घरदार विकले, पुष्कळ वाटेत उपासमारीने मेले. या माणसांना सरसकट ढोंगी ठरविणे सोपे आहे आणि म्हणूनच टाळले पाहिजे. त्यांची भक्ती खरी होती. भक्ती खरी असूनही असे घडले, ही या विषयातील खरी अडचण होय.

बाल्डविन हा बुलॉन्यचा सरदार युस्तास दुसरा याचा तिसरा मुलगा. थोरल्याला वडिलांची जहागीर, मधल्या गॉडफ्रीला आईकडील जहागीर, आणि तिसऱ्याला? तिसऱ्याला चर्च. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला धर्मसेवेचे शिक्षण देण्यात आले व रँस, कँब्रे आणि लिएज येथील कॅथीड्रलांची उत्पन्ने त्याच्या नावे झाली. पुढे त्याने ती वाट सोडून तलवार धरली. आपल्या सेमिनरीच्या वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. यरुशलेमचा पहिला राजा लॅटिन शास्त्रलेख वाचलेला, धर्मसेवेसाठी तयार केलेला माणूस होता. १०९६ साली तो दोघा भावांप्रमाणेच क्रूस घेऊन निघाला, पत्नीही बरोबर होती. पुढल्या वर्षी वाटेतच, मराश येथे, ती मरण पावली.

त्याचा स्वभाव प्रथम उघड झाला तो तार्सात, पौलाच्या जन्मगावी. ही हकीकत पांढुर्ण्याच्या वाचकांस समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव यांचे लोक दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव करतात. झेंडा कोणाच्या हाती लागतो यावर सारे ठरते. अनेक जण जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. त्या गोटमारीचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. पण झेंड्यासाठी माणूस काय करू शकतो, हे तेथील आबालवृद्धांना ठाऊक आहे. १०९७ च्या सप्टेंबरात टँक्रेड नावाचा तरुण नॉर्मन सरदार प्रथम तार्सास पोहोचला व त्याचा झेंडा किल्ल्यावर चढला. मागून बाल्डविन मोठे सैन्य घेऊन आला. त्याने टँक्रेडचा झेंडा उतरवून आपला लावण्यास भाग पाडले, आणि टँक्रेड मुकाट्याने निघून गेला. त्यानंतर टँक्रेडच्या मदतीस सुमारे तीनशे नॉर्मन येऊन पोहोचले. बाल्डविनने त्यांच्यासाठी वेस उघडली नाही. ते तटाबाहेर उघड्यावर झोपले आणि रात्री शत्रूने त्यांना कापून काढले. हे तीनशे जणही क्रूसधारीच होते, त्यांच्याही अंगावर तेच कापड शिवलेले होते. गोटमारीतील झेंडा अखेर चंडीदेवीच्या मंदिरात नेतात, तो कोणा एकाचा राहत नाही. तार्साच्या किल्ल्यावर भांडणारे दोन्ही झेंडे मात्र माणसांचे होते.

येथून बाल्डविन मुख्य सैन्यापासून वेगळा झाला व पूर्वेस एदेस्साकडे वळला. हे शहर आजच्या तुर्कस्तानात उर्फा या नावाने ओळखले जाते. भारतीय ख्रिस्ती माणसाला या नावाचे अगत्य असावे. सिरियाक भाषेतील ख्रिस्ती धर्माचे हे माहेरघर. प्रेषित थोमाच्या अस्थी भारतातून एका व्यापाऱ्याने येथे आणल्या अशी परंपरा चौथ्या शतकातील एफ्रेमच्या गीतांतून आढळते. म्हणजे क्रूसधाऱ्यांनी स्थापिलेले पहिले राज्य मुसलमानांकडून घेतलेले नव्हते. ते प्राचीन ख्रिस्ती नगरात, ख्रिस्ती अधिपतीला बाजूस सारून उभे राहिले.

ती घटना अशी. एदेस्साचा अधिपती थोरॉस हा वृद्ध, निपुत्रिक व प्रजेला अप्रिय होता. तो ग्रीक पंथाचा, आणि नगरजन बहुतेक आर्मेनियन मंडळीचे. तुर्कांपासून रक्षण व्हावे म्हणून त्याने बाल्डविनला बोलाविले. १०९८ च्या फेब्रुवारीत बाल्डविन आला, आणि नुसता पगारी सेनापती होण्यास त्याने नकार दिल्यावर थोरॉसने त्याला दत्तक घेतले. त्या देशाच्या रीतीने दोघांनी एकाच रुंद सदऱ्यात शिरून उघड्या छातीस छाती लावली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत नगरात उठाव झाला. ९ मार्च रोजी जमावाने थोरॉसला ठार केले आणि दुसऱ्या दिवशी बाल्डविन एदेस्साचा अधिपती झाला. बाल्डविनचा धर्मगुरू व इतिहासकार फुल्चर म्हणतो की, धन्याने त्याला वाचविण्याचा प्रयत्न केला, पण ते त्याच्या हाती नव्हते. एदेस्साचा आर्मेनियन इतिहासकार मॅथ्यू मात्र कट बाल्डविनला ठाऊक होता असे लिहितो. आम्हांस मॅथ्यूचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते. फुल्चर प्रामाणिक लेखक होता, परंतु तो बाल्डविनच्या पदरी होता.

सत्ता व धर्म यांची अशी गुंफण परदेशातच होते असे नव्हे. छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने गादीच्या तंट्यात औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारला व गादी मिळविली, असे सांगितले जाते. याच राजाने पुढे नागपूर वसविले. आपल्या पायाखालच्या जमिनीतही हा प्रश्न गाडलेला आहे.

१५ जुलै १०९९ रोजी यरुशलेम पडले, तेव्हा बाल्डविन तेथे नव्हता. त्या दिवशी व पुढे शहरातील मुसलमान व यहूदी यांची जी कत्तल झाली तिचे वर्णन क्रूसधाऱ्यांच्याच इतिहासकारांनी लपवून न ठेवता, किंबहुना अभिमानाने केले आहे. त्यानंतर ते पवित्र कबरेच्या मंदिरात जाऊन रडत प्रार्थना करीत राहिले. हे वाक्य लिहून पुढे जाणे सोपे नाही.

आठवड्यानंतर अधिपती निवडण्याची वेळ आली. बाल्डविनचा भाऊ गॉडफ्री याची निवड झाली, पण जेथे ख्रिस्ताने काट्यांचा मुकुट घातला तेथे आपण सोन्याचा घालणार नाही, असे म्हणून त्याने राजा होण्यास नकार दिला, अशी परंपरा आहे. ‘पवित्र कबरेचा रक्षक’ हे पद त्याने घेतले. आमच्या रविवार शाळांच्या गोष्टींत गॉडफ्रीचे हे नम्र उद्गार मोठ्या आदराने सांगितले जातात. त्यात सौंदर्य आहे, हे नाकारता येत नाही. परंतु मुकुट नाकारणाऱ्या या माणसाने कर, जहागिऱ्या, वेढे यांपैकी काहीही नाकारले नाही. १२ ऑगस्ट १०९९ रोजी अस्कलोनजवळ त्याने मिसरी सैन्याचा पराभव केला, किनाऱ्यावरील नगरांकडून खंडणी घेतली. राजाचे सारे काम त्याने केले, फक्त नाव घेतले नाही. १८ जुलै ११०० रोजी तो मेला, तेव्हा त्याच्या नम्रतेने मागे काय ठेवले? नाव नसलेली एक गादी, आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन पक्ष.

एक पक्ष यरुशलेमचा पात्रिआर्क, म्हणजे तेथील मुख्य धर्माध्यक्ष, दाइम्बेर याचा. यरुशलेम हे चर्चच्याच ताब्यात असावे, राजाच्या नव्हे, असा त्याचा आग्रह होता, आणि मृत्यूपूर्वी गॉडफ्रीने तसे वचनही दिले होते. दुसरा पक्ष गॉडफ्रीच्या घरच्या सरदारांचा. त्यांनी किल्ला धरून ठेवला व एदेस्साला बाल्डविनकडे निरोप धाडला. फुल्चर सांगतो की भावाच्या मृत्यूने बाल्डविनला थोडे दुःख झाले, आणि वारशाने त्याहून अधिक आनंद. पदरच्या लेखकाने असे लिहावे याचे कौतुक वाटते. एदेस्सा चुलतभावाकडे सोपवून सुमारे दोनशे स्वार व सातशे पायदळ घेऊन तो ऑक्टोबरात निघाला, बैरूतजवळच्या अरुंद वाटेवर दमिश्काच्या सैन्याशी झुंजून नोव्हेंबरात यरुशलेमी पोहोचला. दाइम्बेरला नमावे लागले. २५ डिसेंबर ११०० रोजी, नाताळाच्या दिवशी, बेथलेहेमातील ख्रिस्तजन्माच्या मंदिरात त्याच दाइम्बेरच्या हातून बाल्डविनचा अभिषेक झाला.

यरुशलेमात न करता बेथलेहेमात का? या निवडीत मोठे चातुर्य होते. गॉडफ्रीचे शब्द ताजे असताना यरुशलेमात सोन्याचा मुकुट घालणे लोकांना रुचले नसते. शिवाय यरुशलेम आपले आहे हा दाइम्बेरचा दावा तेथे आड आला असता. बेथलेहेम हे दाविदाचे गाव, शमुवेलाने दाविदाला अभिषेक केला तो येथेच (१ शमुवेल १६). दिवसही नेमका निवडलेला. तीनशे वर्षांपूर्वी, ८०० सालच्या नाताळात, रोम येथे शार्लमेनच्या मस्तकी मुकुट ठेवला गेला होता. येशूचा जन्म, दाविदाचे नगर व शार्लमेनचा दिवस असे तिन्ही एका सोहळ्यात ओवले गेले.

काहींना हा अभिषेक पटला नव्हता, आणि फुल्चरने त्यांना उत्तर दिले आहे. त्या उत्तराकडे ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याने नीट लक्ष द्यावे. कारण तलवारीहून ते दीर्घायुषी ठरले. त्याचा आशय असा. काट्यांचा मुकुट हा मारेकऱ्यांनी केलेला अपमान होता, तो राजसन्मान नव्हता. त्या अपमानाचे देवाने आपल्या तारणात व गौरवात रूपांतर केले. तेव्हा त्या अपमानाच्या आठवणीने रीतसर निवडलेल्या राजाने सन्मान का नाकारावा? रीतसर निवडलेला राजा आशीर्वादाने पवित्र केलेला असतो.

या युक्तिवादाचा पहिला भाग सुवार्तेचाच आहे. देवाने लज्जेचे गौरव केले, हे प्रत्येक उत्तम शुक्रवारी आपण सांगतो. चूक आहे ती पुढल्या पायरीत. फुल्चरच्या दृष्टीने काट्यांचा मुकुट ही एक दुःखद पायरी होती. ती ओलांडून झाल्यावर सोन्याकडे यावयाचे. योहानाचे शुभवर्तमान मात्र असे मानीत नाही. तेथे प्रभूचे उंच केले जाणे म्हणजे क्रूसावरच उंच केले जाणे होय (योहान १२). पिलाताने लावलेला फलक तीन भाषांत त्याला राजा म्हणतो, आणि शुभवर्तमानकाराच्या मते त्या उपहासात सत्य आहे. काट्यांचा मुकुट हे त्याच्या राजेपणाचे रूपच आहे. पुढे दुसरा येईपर्यंतची ती तात्पुरती सोय नव्हे. म्हणूनच भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव त्याला बळेच राजा करावयास आला, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान ६). लज्जेचे गौरव झाले हे खरे. परंतु ते गौरव आपण उचलून दुसऱ्याच्या मस्तकी ठेवू शकत नाही.

गॉडफ्रीने ही गोष्ट अर्धवट ओळखली होती, बाल्डविनने ती ओळखूनही बाजूस सारली. तरी आमच्या मते बाल्डविन एका अर्थी अधिक सरळ होता. राजाचे काम करणाऱ्याने राजा म्हणवून घेतले, म्हणजे त्याच्याकडे निदान राजा म्हणून जाब मागता येतो. शमुवेलाने लोकांना ताकीद दिली होती की राजा तुमचे पुत्र घेईल, शेते घेईल, दशमांश घेईल (१ शमुवेल ८). ती ताकीद उघड राजाला लावता येते. ‘रक्षक’ म्हणविणाऱ्याला लावणे कठीण पडते. आपल्या मंडळ्यांतही सेवक म्हणवून सत्ता चालविणारे काही थोडे नाहीत. असो.

त्याच्या अठरा वर्षांच्या राजवटीतील लढायांची यादी येथे देत नाही. अर्सूफ, अक्को, बैरूत, सीदोन अशी एकेक किनाऱ्याची नगरे इटलीच्या आरमारांच्या मदतीने घेतली गेली. सीदोनच्या वेळी नॉर्वेचा राजा सिगुर्दही होता. एका नगराविषयी मात्र थांबले पाहिजे. ११०१ च्या मे महिन्यात कैसरीया पडले आणि मोठ्या मशिदीत आश्रय घेतलेल्यांची कत्तल झाली. याच कैसरीयात कर्नेल्याच्या घरी पेत्राने कबूल केले होते की, देव पक्षपाती नाही, हे आता आपणांस कळले (प्रेषितांची कृत्ये १०). बाल्डविनने तो अध्याय धर्मशिक्षणात वाचला असला पाहिजे.

याच माणसाविषयी सोर येथील धर्माध्यक्ष विल्यम यांनी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक कथा नोंदविली आहे. यार्देनेपलीकडील एका स्वारीत धरलेल्या लोकांत एका अरब सरदाराची गरोदर पत्नी होती व तिला वाटेतच कळा सुरू झाल्या. बाल्डविनने तिला खाली उतरवून अंथरूण, अन्न, पाण्याच्या पखाली, एक दासी व दुधासाठी दोन सांडण्या दिल्या, स्वतःचा झगा तिच्या अंगावर घातला आणि तो पुढे गेला. ११०२ साली राम्ला येथे तो वेढ्यात सापडला, तेव्हा त्या स्त्रीच्या पतीने रात्री येऊन त्याला सुटकेची वाट दाखविली. कथेत पदरचे किती व मूळचे किती, हा वाद इतिहासकारांवर सोडू. राम्ल्याहून तो निसटला हे मात्र निश्चित. त्याच्या आयुष्यातील एवढी एकच गोष्ट अशी आहे की ती क्रूस न शिवताही क्रूसाची वाटते, आणि ती ज्यांच्याविरुद्ध क्रूस शिवला त्यांच्याच बाबतीत घडली.

घरच्या बाबतीत तो वेगळा होता. एदेस्सात असताना त्याने आर्मेनियन सरदाराची मुलगी केली. गरज सरल्यावर तिला मठात टाकले. १११३ साली सिसिलीची विधवा काउंटेस आदेलाइद हिच्याशी आर्मेनियन पत्नी जिवंत असताना विवाह केला, कारण ती गलबते भरून धन घेऊन आली होती आणि खजिना रिता होता. १११७ साली आजारात मरणाचे भय वाटल्यावर त्याला विवाहाचा नियम आठवला व तिला परत पाठविण्यात आले. धन परत गेले नाही. मात्र यार्देनेपलीकडील सिरियन ख्रिस्ती लोकांना त्याने यरुशलेमच्या ओस पडलेल्या भागात वसविले, हेही सांगितले पाहिजे. तो भाग ओस का होता? कारण १०९९ पूर्वी तेथे यहूदी राहत होते.

१११८ च्या वसंतात मिसरावर स्वारी करून परतताना तो आजारी पडला व २ एप्रिल रोजी अल-अरीश येथे मेला. आपला देह वाळवंटात न पुरता यरुशलेमी नेऊन भावाशेजारी ठेवावा म्हणून त्याने आपल्या आचाऱ्याकडून वचन घेतले होते : आतडी काढून देहात मीठ भरावे. ते पाळले गेले. प्रेतयात्रा यरुशलेमजवळ आली तो दिवस ७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार होता. झावळ्या हाती घेऊन जैतुनांच्या डोंगरावरून गात उतरणारी मिरवणूक आणि राजाचा मृतदेह यांची खाली दरीत गाठ पडली व गाणे थांबून आक्रोश सुरू झाला. गुलगुथ्याच्या खडकाच्या पायथ्याशी गॉडफ्रीच्या शेजारी त्याला पुरले. त्या दोन्ही कबरी १८०८ च्या आगीनंतरच्या दुरुस्तीत काढून टाकण्यात आल्या.

त्याच्यानंतरचा राजा बाल्डविन दुसरा याला मुकुटही बेथलेहेमातच घालण्यात आला. पण १४ सप्टेंबर ११३१ रोजी, क्रूसाच्या सणाच्या दिवशी, फुल्क व राणी मेलिसांद यांना मुकुट घालण्यात आले ते यरुशलेमात, पवित्र कबरेच्या मंदिरात, गुलगुथ्यापासून काही पावलांवर. या वेळी बेथलेहेमास जाण्याची गरज कोणास वाटली नाही.